न्यायाधीश मोजले, कारकून कोण मोजणार?

ठाण्याच्या कोर्टनाक्यावर किंवा कल्याणच्या न्यायालयात तारखेला आलेल्या कुणालाही विचारा, आज काय झालं? बहुतेकांचं उत्तर एकच असतं: पुढची तारीख मिळाली. का मिळाली विचारलं, की कारणं सुरू होतात. साहेब रजेवर आहेत. स्टेनो नाही. समन्स बजावलं गेलं नाही. रेकॉर्ड आलं नाही. मुद्देमाल सापडत नाही. आरोपीला तुरुंगातून आणायला पोलीस मिळाले नाहीत. या सहा कारणांत न्यायाधीशाशी संबंधित एकच आहे. बाकीची पाच माणूसबळाची आहेत. कुठे खुर्ची रिकामी असते, तर कुठे एका खुर्चीवर तिघांचं काम असतं.

तरीही न्यायालयीन सुधारणेची चर्चा निघाली की आपण न्यायाधीशांची संख्या मोजतो आणि तिथेच थांबतो. ही चूक आपण जवळजवळ चाळीस वर्षं करतो आहोत.

विधी आयोगाने १९८७ साली १२०वा अहवाल दिला, तो खास न्यायव्यवस्थेतल्या मनुष्यबळाच्या नियोजनावर. तेव्हा दहा लाख लोकांमागे साडेदहा न्यायाधीश होते. पाच वर्षांत ते पन्नास करा, असं आयोगाने सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली ऑल इंडिया जजेस असोसिएशनच्या प्रकरणात तोच आकडा आदेशात घातला आणि मुदतही पुन्हा पाच वर्षांचीच दिली. आज आपण एकविसाच्या आसपास आहोत.

हा आकडा घरापर्यंत आणू. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्यात सात तालुके उरले. २०११च्या जनगणनेप्रमाणे त्यांची लोकसंख्या सुमारे ८० लाख होते. पन्नासच्या हिशेबाने इथे ४०० न्यायाधीश हवेत. शिवाय ही जनगणना झाली तेव्हा घोडबंदर रोड, पलावा आणि टिटवाळा आजच्यासारखे भरलेले नव्हते.

समजा, हे ४०० न्यायाधीश उद्या सकाळी मिळाले. परवा दुपारी काम पुन्हा अडेल, कारण न्यायाधीश हुकूम देतो आणि तो अमलात आणणारे हात वेगळे असतात.

त्या हातांचा दिवस बघा. न्यायाधीश डायसवर येण्याआधी बेंच क्लार्कने बोर्ड लावलेला असतो आणि दिवसभराच्या फायली क्रमाने काढून ठेवलेल्या असतात. शिपाई पुकारा करतो. प्रत्येक प्रकरणात काय घडलं त्याचा रोजनामा लिहायचा, पुढची तारीख संगणकात भरायची, आलेले अर्ज फाईलला लावायचे, समन्स आणि वॉरंटं तयार करायची. बोर्डावर शंभर प्रकरणं असतील तर हे शंभर वेळा करायचं. यातली एक नोंद चुकली तर पक्षकाराच्या मोबाइलवर चुकीची तारीख जाते. तो येत नाही आणि त्याच्या गैरहजेरीत हुकूम होतो. ती चूक दुरुस्त करून घ्यायला त्याला नवा अर्ज, वकिलाची नवी फी आणि आणखी काही महिने लागतात.

पुढचा टप्पा समन्सचा. दिवाणी दाव्यातलं समन्स बेलिफ घेऊन जातो. कल्याण न्यायालयाचा बेलिफ सकाळी निळज्याला गेला, तर दुपारी त्याला टिटवाळ्यात जायचं असतं. कागदावरचा पत्ता एखाद्या चाळीचा असतो आणि चाळ केव्हाच पाडलेली असते. नव्या संकुलाच्या गेटवरचा सुरक्षारक्षक आत सोडत नाही. फ्लॅट भाड्याने दिलेला असतो आणि मालक कुठे राहतो ते भाडेकरू सांगत नाही. कागद बजावणीविना परत येतो आणि न्यायाधीशापुढे तारीख देण्यावाचून पर्याय उरत नाही. डोंबिवलीची वस्ती वाढली, लगतच्या २७ गावांत इमारती उठल्या, खोणीपर्यंत शहर पोचलं. बजावणी करणाऱ्यांची संख्या त्या वेगाने वाढवण्याचा विचार कुणी केला? इमारतीला परवानगी देताना पाणी, रस्ता, सांडपाणी यांचा निदान कागदावर तरी हिशेब होतो. त्या इमारतीतून उद्या न्यायालयात येणाऱ्या भाडेकराराच्या, घटस्फोटाच्या, चेक न वटल्याच्या प्रकरणांचा हिशेब कोणत्याच कागदावर होत नाही.

साक्षीचं घ्या. २१ जुलै १९९८च्या अधिसूचनेने राज्यातल्या जिल्हा आणि तालुका पातळीवरच्या न्यायालयांची भाषा मराठी ठरली. साक्षीदार मराठीत बोलतो, उल्हासनगरचा सिंधीमिश्रित हिंदीत बोलतो, वकील मध्येच इंग्रजीत हरकत घेतो. हे सगळं अचूक टिपणारा लघुलेखक शिकून तयार व्हायला वर्षं लागतात. तो नसला तर न्यायाधीश स्वतः टंकलेखन करतात. मग साक्षीदाराच्या चेहऱ्याकडे बघायचं कुणी? साक्षीदार खरं बोलतो आहे का, हे ठरवणं त्यांचं काम आहे आणि त्यांचं लक्ष कीबोर्डवर असतं.

आणि जामीन. इथे तर प्रश्न थेट माणसाच्या स्वातंत्र्याचा आहे. कल्याणच्या न्यायालयात जामीन मंजूर होतो आणि आरोपी त्याच शहरातल्या आधारवाडी कारागृहात असतो. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी, किंवा फार तर दुसऱ्या दिवशी, तुरुंग अधीक्षकांमार्फत कैद्यापर्यंत ई-मेलने पोचवा, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३मध्ये बजावलं. हा ई-मेल कारकून पाठवतो. जामीनदाराची कागदपत्रं तपासून पुढे ठेवणारा कारकूनच, सुटकेचा हुकूम तयार करणाराही कारकूनच. तो दोन न्यायालयांची टेबलं एकटा सांभाळत असेल, तर जामीन मिळालेला माणूस आणखी एक रात्र आत काढतो. देशातल्या तुरुंगांत २०२२ अखेर चारपैकी तीन कैदी कच्चे कैदी होते. त्यांच्यासाठी एका कारकुनाची नेमणूक म्हणजे घरी जाण्याचा दिवस.

नक्कल विभागाचीही तीच गोष्ट. निकालाची प्रमाणित प्रत मिळेपर्यंतचा काळ अपिलाच्या मुदतीतून वगळला जातो, एवढी दया कायद्याने दाखवली आहे. पण त्या काळात कर्जावरचं व्याज थांबत नाही, भाडं थांबत नाही, पोटगीवाचून चाललेला संसार थांबत नाही.

न्यायाधीशांच्या बदल्या दर काही वर्षांनी होतात आणि त्या व्हायलाही हव्यात. अर्धवट ऐकलेला खटला मागे ठेवून एक न्यायाधीश जातात, दुसरे येतात. मधल्या काळात खटल्याची माहिती टिकवतात ते वरिष्ठ लिपिक, सहायक अधीक्षक आणि नाझर. कोणता मुद्देमाल कोणत्या कपाटात आहे, कोणत्या प्रकरणात उच्च न्यायालयाची स्थगिती आहे, कोणतं रेकॉर्ड अपिलासाठी बाहेर गेलं आहे, हे त्यांना ठाऊक असतं. अशी अनुभवी माणसं निवृत्त होतात आणि त्यांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या ठेवल्या जातात, तेव्हा व्यवस्था आपली स्मृती स्वतःच्या हाताने पुसत असते.

या दिरंगाईची किंमत कोण मोजतं, तेही आकड्यांत उपलब्ध आहे. बंगळुरूच्या 'दक्ष' संस्थेने २०१६मध्ये देशभरातल्या पक्षकारांची पाहणी केली. दिवाणी पक्षकाराला एका तारखेला सरासरी ४९७ रुपये खर्च येत होता आणि ८४४ रुपयांची कमाई बुडत होती. म्हणजे दर तारखेला १,३४१ रुपये. स्टेनो नसल्यामुळे पडलेल्या तारखेचं हे बिल पक्षकार भरतो. सरकारने स्टेनोचा पगार वाचवला आणि तो अनेक पटींनी डोंबिवलीच्या रिक्षाचालकाकडून, भिवंडीच्या लूमवरच्या कामगाराकडून आणि मुरबाडच्या शेतकऱ्याकडून वसूल केला.

पैसे नाहीत, हे उत्तर चालणार नाही. महाराष्ट्राने २०१८मध्ये कोर्ट फी वाढवली. दाव्यावरच्या कमाल फीची मर्यादा ३ लाखांवरून १० लाखांवर नेली. ज्याच्याकडून जास्त घेता, त्याला वेळेवर बजावणी, वेळेवर नक्कल आणि साक्ष लिहून घेणारा माणूस देणं हे सरकारचं कर्तव्य आहे.

आता भरतीकडे या. डिसेंबर २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या जिल्हा न्यायालयांसाठी एकत्रित जाहिरात काढली. लघुलेखक ५६८, कनिष्ठ लिपिक २,७९५, शिपाई आणि हमाल १,२६६, एकूण ४,६२९. एकत्रित भरती ही चांगली सुधारणा आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत वेगळे नियम आणि वेगळ्या परीक्षा यांचा घोळ तिने टाळला. पण साडेचार हजार जागा एका दिवसात रिकाम्या झाल्या नव्हत्या. कर्मचारी कोणत्या तारखेला निवृत्त होणार, हे तो नोकरीला लागतो त्याच दिवशी सेवापुस्तकावरून कळतं. तरी जाहिरात निघते ती टेबलं ओस पडल्यावर. मग अर्ज, चाचणी, टंकलेखन, मुलाखत, पडताळणी. तोवर आणखी माणसं निवृत्त झालेली असतात.

न्यायाधीशांच्या भरतीसाठी सर्वोच्च न्यायालयाने मलिक मझहर सुलतान प्रकरणात वर्षाचं वेळापत्रकच आखून दिलं: रिक्त पदं कधी जाहीर करायची, जाहिरात कधी, परीक्षा कधी, नेमणूक कधी. त्याला आता जवळजवळ वीस वर्षं होतील. कारकून, लघुलेखक आणि बेलिफ यांच्यासाठीही तसंच वेळापत्रक हवं, तितकंच बंधनकारक.

२०२४च्या सुरुवातीला राज्य मंत्रिमंडळाने मोठा निर्णय घेतला. २,८६३ नवी न्यायालयं, त्यांच्यासाठी ११,०६४ सहायक पदं आणि आणखी ५,८०३ माणसं बाह्य यंत्रणेमार्फत. हे टप्प्याटप्प्याने व्हायचं आहे. निर्णय स्वागताचा आहे, पण त्याचा भागाकार करून बघा. नियमित कर्मचारी एका न्यायालयामागे चारही भरत नाहीत. ठेक्यावरचे धरले तरी सहा होत नाहीत. बलात्काराच्या आणि पोक्सोच्या खटल्यांसाठी केंद्राने २०१९मध्ये जलदगती विशेष न्यायालयांची योजना आणली, तिच्यात एका न्यायाधीशामागे सात कर्मचारी धरले आहेत. सात हवेत, हे सरकारला माहीत आहे. मग उरलेल्या न्यायालयांना चार आणि दोन का?

त्या ठेक्यावरच्या दोघांबद्दल माझा आक्षेप ठाम आहे. सफाई, पहारा, बागकाम बाहेर द्यायचं की नाही, यावर वाद होऊ शकतो. पण मुद्देमालाची खोली, अभिलेख कक्ष आणि न्यायालयातलं टेबल ठेकेदाराच्या माणसाकडे जाता कामा नये. तिथे एक कागद गहाळ झाला तर एक खटला मरतो. जबाबदारी निश्चित करायची तर माणूस सेवेत हवा, त्याची सेवापुस्तिका हवी, त्याला बढतीची आशा आणि कारवाईची भीती दोन्ही हवी. डिसेंबर २०२४मध्ये जग्गो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षं हंगामी म्हणून राबलेल्या सफाई कामगारांना आणि माळ्याला न्याय दिला. कायमच्या कामावर हंगामी माणसं ठेवण्याच्या सरकारी सवयीवर तेव्हा न्यायालयाने कडक शब्दांत बोट ठेवलं. हाच दंडक न्यायालयाच्या इमारतीत आधी पाळला गेला पाहिजे.

या सगळ्याला जबाबदार कोण? संविधानाच्या २३५व्या कलमाने जिल्हा आणि तालुका न्यायालयांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचं. पदं निर्माण करायची आणि पगाराचे पैसे द्यायचे राज्य सरकारने. कर्मचारी नेमायचे आणि त्यांच्याकडून काम करून घ्यायचं जिल्हा न्यायाधीशांनी. उच्च न्यायालय प्रस्ताव पाठवतं, विधी व न्याय विभाग तो वित्त विभागाकडे सरकवतो, वित्त विभाग शंका काढून परत पाठवतो. या फेऱ्यांत वर्षं जातात. सगळ्यांचा सही करण्याचा अधिकार शाबूत राहतो आणि कल्याणचं टेबल रिकामं राहतं. तिघांपैकी प्रत्येकाने किती दिवसांत निर्णय द्यायचा, हे लिहून ठरलं पाहिजे आणि मुदत चुकवणाऱ्याचं नाव जाहीर झालं पाहिजे.

जिल्हा न्यायाधीशांवर आपण एक अन्यायही करतो. खुनाच्या खटल्याचा निकाल लिहिणाऱ्या माणसाकडून आपण रजेचे अर्ज, बदल्या, गळकं छत, बंद लिफ्ट आणि झेरॉक्सचं कंत्राट हेही सांभाळून घेतो. त्यांचं प्रशिक्षण कायद्याचं आहे. तेराव्या वित्त आयोगाने २०१० ते २०१५ या काळासाठी न्यायालय व्यवस्थापक नेमायला ३०० कोटी रुपये ठेवले होते. व्यवस्थापनाची पदवी असलेला माणूस न्यायाधीशांचा प्रशासकीय भार उचलेल, ही कल्पना. राज्याराज्यांत व्यवस्थापक आले ते कंत्राटावर, बढतीच्या वाटेविना, नेमकं काम काय हे न ठरवता. अखेर १६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला हुकूम द्यावा लागला: सगळ्या उच्च न्यायालयांनी आसामचे २०१८चे नियम नमुना धरून तीन महिन्यांत आपले नियम करावेत, व्यवस्थापकांना राजपत्रित वर्ग दोनचा दर्जा द्यावा, असलेल्यांना नियमित करावं. ठाणे जिल्ह्यात ही पदं पूर्ण अधिकारांसह भरली गेली पाहिजेत. रजेचं नियोजन, कामाची फेरवाटणी, प्रशिक्षण, रिक्त पदांचा पाठपुरावा ही त्यांची कामं. न्यायाधीशांनी खटले ऐकावेत.

संगणक आला, आता माणसं कशाला, असं म्हणणारेही भेटतात. ई-कोर्टच्या तिसऱ्या टप्प्याला २०२३मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर झाले, ते योग्यच झालं. केरळ उच्च न्यायालयाने तर नोव्हेंबर २०२५पासून जिल्हा न्यायालयांत साक्षी नोंदवायला आवाजाचं लिखाण करणारी प्रणाली आणली. महाराष्ट्राने तोही मार्ग धरावा. पण जुन्या फायली स्कॅन करायला माणूस लागतो, यंत्राने लिहिलेली साक्ष शब्दाशब्दाने तपासायला माणूस लागतो, ई-फायलिंग न जमणाऱ्या पक्षकाराला खिडकीपाशी समजावून सांगायलाही माणूसच लागतो. यंत्राने कामाचं रूप बदलतं. म्हणूनच असलेल्या कर्मचाऱ्यांना कामाच्या वेळेत, पगारी, दरवर्षी प्रशिक्षण द्या. पंचावन्न वर्षांच्या अधीक्षकाला रविवारी बोलावून नवं सॉफ्टवेअर दाखवलं, की प्रशिक्षण झालं असं मानू नका.

करायचं काय, ते स्पष्ट सांगतो.

पहिलं, काम मोजा. अमेरिकेत राज्य न्यायालयांसाठी प्रत्येक प्रकारच्या खटल्याला सरासरी किती मिनिटं लागतात ते मोजून माणसं ठरवण्याची पद्धत रुळली आहे. आपल्याकडेही २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशांची गरज कामाच्या भारावर काढण्याचं सूत्र स्वीकारलं. तेच सूत्र कारकून, लघुलेखक आणि बेलिफ यांना लावा. चेकच्या प्रकरणाला किती मिनिटं, अपघात दाव्याला किती, वाटपाच्या दाव्याला किती, ते काढा. लोकसंख्या वाढली की बेलिफ आपोआप वाढला पाहिजे.

दुसरं, निवृत्तीच्या सहा महिने आधी जागा जाहीर करा आणि प्रतीक्षायादी कायम जिवंत ठेवा. माणूस निवृत्त होईल त्याच आठवड्यात त्याच्या टेबलावर दुसरा बसला पाहिजे.

तिसरं, नवं न्यायालय उघडताना त्याचे कर्मचारी आधी नेमा. २०२५मध्ये मीरा-भाईंदरला न्यायालय सुरू झालं, ही तिथल्या लोकांची मोठी सोय झाली. अशी आणखी न्यायालयं हवीतच. पण ठाण्याचा कारकून उचलून नव्या इमारतीत बसवायचा आणि ठाण्याचं टेबल रिकामं करायचं, हा मार्ग कुठेही वापरू नका.

चौथं, पदांचा फलक लावा. नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रिडवर कोणत्या न्यायालयात किती खटले तुंबले ते कुणालाही घरबसल्या दिसतं. त्याच्याच शेजारी मंजूर पदं किती, भरलेली किती, किती महिन्यांपासून रिकामी, हेही दिसू द्या. तुंबलेल्या खटल्यांचा आकडा एकटाच दाखवल्याने दोष न्यायाधीशावर आणि कर्मचाऱ्यावर येतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवले, की तो मंत्रालयापर्यंत पोचतो.

पाचवं, माणसाला पुढची पायरी दाखवा. शेट्टी आयोगाने २००३मध्ये न्यायिकेतर कर्मचाऱ्यांच्या वेतनावर आणि सेवाशर्तींवर स्वतंत्र अहवाल दिला होता. या कर्मचाऱ्यांकडे तेवढ्याच गांभीर्याने पुन्हा बघायची वेळ आली आहे. हुशार कनिष्ठ लिपिक दुसऱ्या खात्याची परीक्षा देऊन निघून जातो, तेव्हा त्याला शिकवण्यात घातलेली वर्षंही न्यायालय गमावतं.

या जिल्ह्याला न्यायालयाची किंमत कळते. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले अभय ओक यांनी वकिलीची सुरुवात ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात, वडिलांच्या कार्यालयातून केली. ११,०६४ पदांचा निर्णय झाला तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री ठाण्याचे होते. म्हणून हा प्रश्न विचारण्याचा पहिला हक्क आणि पहिलं कर्तव्य ठाणे, कल्याण, डोंबिवली, भिवंडी आणि उल्हासनगरच्या आमदारांचं आहे. येत्या अधिवेशनात त्यांनी पक्ष बाजूला ठेवून एकत्र उभं राहावं आणि विचारावं: त्या ११,०६४ पदांपैकी आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला किती आली, त्यातली किती भरली आणि उरलेली कोणत्या तारखेपर्यंत भरणार? पक्षकाराला तुम्ही तारीख देता आणि त्या दिवशी तो न चुकता हजर राहतो. आता सरकारने तारीख द्यावी आणि ती पाळावी.